एलोयच्या डावीकडची जागा

फुटबॉलच्या मैदानावर एका बाजूला अकरा माणसं असतात, आणि ती अकराच आहेत ना हे तपासण्याचा पगार संहिताला मिळतो, असं तिचे बाबा म्हणायचे. मनोहर देवस्थळींना लेकीच्या कामाची थट्टा करायला फार आवडे. अभिमानही तितकाच होता, पण ते तो शेजारच्या वृंदामावशींना बोलून दाखवत, लेकीला नाही.

काम तसं त्याहून बरं होतं. टिलबर्गजवळच्या एका लहान क्लबात, डच फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर, संहिता सामन्यांचं विश्लेषण करायची. स्टेडियमच्या छपराखालचे कॅमेरे खेळाडूंचा माग काढत आणि तिच्या लॅपटॉपवर एका हिरव्या चौकोनात नंबर घातलेले ठिपके पळत. कोण कुठे होता, किती धावला, कुठे असायला हवा होता आणि नव्हता, हे सगळं त्या ठिपक्यांवरून कळे. हूफडॉर्पमधली आयटीची चांगली नोकरी सोडून पोरगी चेंडू बघायला गेली, म्हणून निम्म्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. मुरडू देत. तिला ते ठिपके आवडत.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलच्या सुरुवातीला क्लबच्या तांत्रिक प्रमुखाने, योसने, तिच्याकडे एक अहवाल मागितला. चार नंबरचा बचावपटू एलोय चौतीस वर्षांचा झाला होता आणि त्याचा करार जूनमध्ये संपत होता. आणखी एक वर्ष ठेवायचा, की नारळ द्यायचा? "सोमवारी, तीन मेला, मला कागदावर हवंय," योस म्हणाला. "तू लिहिशील ते मी मानीन." डच माणूस असं म्हणाला की तो खरंच मानतो, हीच त्यातली पंचाईत.

एलोयवर कुणी पुस्तक लिहील अशी त्याची कारकीर्द नव्हती. तो उत्तर स्पेनमधल्या कोळशाच्या खाणींच्या गावातला. त्याच्या लहानपणीच खाणी एकेक करून बंद पडल्या, आणि गावात उरले ते खोकणारे म्हातारे आणि एक चिखलाचं मैदान. सोळाव्या वर्षी तो तिथून निघाला. सहा वर्षं तिसऱ्या श्रेणीत घासली. बाविसाव्या वर्षी दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबाने त्याला तोन्यो नावाच्या, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या बचावपटूच्या उजव्या हाताला उभं केलं, आणि पुढची अकरा वर्षं तो तोन्योच्या शेजारून हलला नाही. एका वर्षी दोघं स्पेनच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत पोचले, वर्षभर मोठ्या संघांचा मार खाल्ला आणि मे महिन्यात पुन्हा खाली आले. घोटा मोडला, जुळला. क्लब बुडाला. मग हॉलंडहून एलोयला बोलावणं आलं, तेव्हा त्याने एकच अट घातली, येऊ तर दोघं येऊ. चारशेच्या वर सामने, गोल सात, स्वतःच्याच जाळ्यात मारलेले चार. एवढीच कमाई. पण जाणकार सांगायचे, की ही दोघं एकमेकांकडे न बघता खेळतात. तोन्यो डावीकडे चार पावलं आणि एक पाऊल मागे, तिथेच असायचा. बघायचं कशाला?

दोन हजार वीसच्या जानेवारीत तोन्योच्या गुडघ्याने हात टेकले आणि तो स्पेनला घरी गेला. एप्रिलमध्ये कोरोनाने गेला. पस्तीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, तीन आठवड्यांत. अंत्यविधीला तिघांनाच परवानगी होती. एलोय त्या दिवशी टिलबर्गच्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून होता. विमानं नव्हती, फुटबॉलही नव्हतं.

सप्टेंबरात फुटबॉल सुरू झालं आणि महिना संपायच्या आत प्रेक्षकांना पुन्हा बंदी आली. टीव्हीवर सामन्याला गर्दीचा आवाज वरून जोडत. संहिताच्या फाइलींना तो नसे. तिला ऐकू येई ती चेंडूची थाप, गोलकीपरच्या शिव्या, मैदानामागून जाणारी मालगाडी आणि छपरावरच्या बुटक्या डच कावळ्यांची कलकल. एवढ्या मोठ्या वास्तूत बावीस माणसं हाका मारत पळताहेत आणि कुणी उत्तर देत नाहीये, असं ते ऐकू येई. पहिले काही आठवडे ती आवाज बंद करून काम करत होती.

आणि त्या हंगामात क्लबावर गोल व्हायला लागले. तोन्योचा पाच नंबर आता वाउटला दिला होता. कापेल आन डेन आयसेल गावचा, सव्वीस वर्षांचा, अबोल, मेहनती गडी. चेंडू येई तो एलोय आणि वाउटच्या मधून. दर वेळी तिथूनच. एलोय उभाच राही. पायरी चुकल्यासारखा क्षणभर थबके आणि समोरचा पुढे निघून जाई. सगळे म्हणाले, वय झालं. संहिताही तेच म्हणाली.

एकट्या बाबांचं म्हणणं वेगळं होतं. पुण्यात बसून ते लेकीच्या क्लबाचा प्रत्येक सामना इंटरनेटवर बघत आणि संपल्या संपल्या फोन करत. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. तरुणपणी मंडळाकडून कबड्डी खेळले होते, डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी होती, आणि जगातला कुठलाही खेळ ते कबड्डीच समजून बघत.

"तुमचा तो दाढीवाला डाव्या हाताला जागा सोडतोय गं," जानेवारीतल्या एका रविवारी ते म्हणाले.

"बाबा, तो स्लो झालाय. रिॲक्शन टाइमचा डेटा आहे माझ्याकडे."

"असेल. पण त्याची साखळी तुटलीय. शेजारचा गडी बाद झाला ना, की आपला हात थोडा वेळ तसाच हवेत राहतो. धरायला कुणी नसतं, पण हाताला ते कळलेलं नसतं. बघ तू."

"बघते हं," ती म्हणाली, म्हणजे बघणार नव्हती.

"आणि मी येऊ का मार्चमध्ये? ते मैदान एकदा बघायचंय मला. तुझ्या शेजारी बसून."

"आत्ता कुणालाच सोडत नाहीत, बाबा. सीझन संपला की मीच येते. जूनमध्ये. मग बरोबर जाऊ."

हे वाक्य पुढे तिला इतक्या वेळा आठवणार होतं, की त्यातला एकेक शब्द झिजून जावा. झिजला मात्र नाही.

बारा एप्रिलला बाबांना ताप आला. चौदाला दवाखान्यात ठेवलं. आईला आत जाऊ देत नव्हते. "तू येऊन काय करणार, गेटबाहेर उभी राहणार?" असं बाबाच फोनवर धापा टाकत म्हणाले, आणि संहिताने अठ्ठावीसचं तिकीट काढलं. एकवीसला बाबा गेले. सव्वीसला हॉलंडने भारताची विमानं बंद केली. दोन्हींच्या मधल्या पाच दिवसांत तिने चाचणी, परवाना, एअरलाइन, जो भेटेल त्याचा फोन फिरवला आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून हमसून हमसून रडली. तिला स्वतःचा राग आला होता. सीझनचाही आला होता. कसला सीझन? दुसऱ्या श्रेणीतला अकरावा नंबर!

पुण्यात आईने, कुमुदिनीबाईंनी, बाबांच्या नेहमीच्या खुर्चीजवळ जमिनीवर दिवा लावला. दिव्याशेजारी परातीत गव्हाचं पीठ हलक्या हाताने पसरलं आणि वर टोपली झाकली. त्यांच्या सासरची ही रीत होती. गेलेला माणूस परत घरात येऊन जातो, आणि सकाळी टोपली उचलली की पिठात त्याचा ठसा दिसतो. कधी पावलासारखा, कधी पाखराच्या नखासारखा. संहिताने लहानपणी आजोबांच्या वेळी तो बघितला होता आणि मोठेपणी त्यावर हसलीही होती.

आता रोज सकाळी, हॉलंडच्या घड्याळात साडेसहा वाजता, ती व्हिडिओ कॉल लावून बसे. आई फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने टोपली उचले.

"दिसतंय का गं काही? मला चष्म्यातून नीट कळत नाही."

"नाही, आई."

"नीट बघ. तुझं काम आहे ते."

ती स्क्रीनला नाक लावून बघे. पीठ काल पसरलं तसंच असे. "नाही गं."

"हॉस्पिटलातून नेलं ना परस्पर," आई म्हणे. "घराची वाट सापडत नसेल त्यांना." आणि परत टोपली झाकून ठेवी.

क्लबाने सुट्टी दिली होती. पण सुट्टीत करायचं काय? त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती बसे आणि दुसरीवर वर्षभराचे कोट, केबली आणि न घडी केलेले कपडे असत. तिने लॅपटॉप उघडला आणि एलोयचा अहवाल करायला घेतला. ठिपके बघताना निदान डोळे कोरडे राहत.

चूक तेव्हाच झाली. तुलनेसाठी तिने दोन हजार एकोणीसचा एक जुना सामना उघडला होता, त्यातले कॉर्नर बघितले, आणि तो बंद न करताच त्यावर या मार्चमधला सामना लावला. नवशिकी पोरं करतात तसली ही चूक. जुन्यातली एकाच खेळाडूच्या नोंदींची रांग चालू राहिली होती. कॉर्नर किक आली. गोलपुढे सगळे जमले. तिने सवयीने आपले ठिपके मोजले.

बारा.

तिने पुन्हा मोजले. बाराच. पडद्यावर पाच नंबरचे ठिपके दोन होते. एक पाच, वाउट, पार डावीकडे. आणि दुसरा पाच एलोयच्या डावीकडे, चार पावलं, एक पाऊल मागे. अगदी त्या फटीत. कॉर्नरला बचावाची मांडणी दर वेळी तीच असते, म्हणून जुना ठिपका नव्या सामन्यात चपखल बसला होता. चेंडू हवेत आला. दुसरा पाच पुढे सरकला. एलोय त्याला वाट करून द्यायला अर्धं पाऊल उजवीकडे झाला आणि थबकला. चेंडू दुसऱ्या पाचच्या अंगातून आरपार गेला आणि जाळ्यात शिरला.

बाहेर लख्ख सकाळ होती, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि तिला मागे वळून बघायचं धाडस होईना.

मग कामाची सवय धावून आली. फाइल चुकून उघडी राहिलीय, एवढंच. तिने तोन्योच्या जुन्या जागेचं माप काढलं, एलोयपासून सरासरी किती दूर आणि किती मागे, आणि त्या मापाने या हंगामाच्या प्रत्येक सामन्यात एक ठिपका बसवला. एलोय मंद झालेला नव्हता. त्याचे पाय पूर्वीइतकेच वेळेवर निघत होते. तो फक्त एका माणसासाठी जागा सोडत होता आणि त्या माणसाच्या वाट्याचा चेंडू त्याच्यासाठीच सोडून देत होता. मधून झालेल्या अकरा गोलांपैकी नऊ त्या ठिपक्यातून गेले होते.

बाबांनी जानेवारीत एका वाक्यात सांगितलं होतं ते. तिने फोन उचलला, त्यांच्या नावावर बोट नेलं आणि तशीच बसून राहिली.

गुरुवारी ती मैदानावर गेली. खेळाडूंशी बोलणं तिच्या कामात बसत नव्हतं; पण माणसाची फाशीची चिठ्ठी लिहायची आणि त्याला तोंड दाखवायचं नाही, हे तिला पटेना. सराव संपला होता. एलोय रिकाम्या स्टँडच्या तिसऱ्या रांगेत बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. दोन खुर्च्या सोडून, मास्क लावून, ती बसली. दोघांचंही डच तोडकंमोडकं होतं, त्यामुळे बोलणं सरळ होई.

"सोमवारी तुझा रिपोर्ट द्यायचाय," ती म्हणाली. "त्याआधी हे बघ."

तिने लॅपटॉप मधल्या एका खुर्चीवर ठेवला आणि कॉर्नर लावला. एलोयने दाढी खाजवत एकदा बघितलं. मग तो पुढे वाकला. दुसऱ्या पाचवर त्याने बोट ठेवलं.

"हा कोणी टाकला?"

"चुकून राहिला. जुन्या सामन्यातला आहे."

"चुकून नाही," तो म्हणाला. "असतोच तो तिथे."

छपरावरचे कावळे एकदम उठले आणि परत बसले.

"तुम्हा लोकांना काय वाटतं, मला माहीत नाही?" एलोय म्हणाला. "लोक होते तेव्हा ऐकू येत नसे. आता शांत असतं. त्याचा श्वास ऐकू येतो मला डावीकडे. धावताना नाकातून शिट्टी वाजायची त्याच्या, नाक मोडलं होतं ना. मी जागा सोडतो. सोडली नाही, तर तो येणार कसा?"

"पण गोल होतात, एलोय."

"होतात."

"मी खरं लिहिलं तर तू जाशील. तू ती जागा भरलीस तर राहशील. अजून वर्षभर तरी आरामात. तुझ्या पायांत काही बिघडलेलं नाही, आकडे आहेत माझ्याकडे."

"आणि भरली तर तो कुठे उभा राहील?"

खेळ सुटला तरी तोन्यो जाणार होता, खेळ वाचवला तरी जाणार होता. तिला भयंकर वाईट वाटलं. का कोण जाणे, तिने त्याला बाबांचं सांगितलं. कबड्डी, हवेत राहिलेला हात, आणि आईची परात. खाणीच्या गावातल्या त्या माणसाने ते सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग? आले?"

"नाही. नऊ दिवस झाले. पीठ तसंच आहे."

"आईच्या घरी जागा आहे. तुझ्या घरी ठेवलीयस?"

तिला ती कोटांनी भरलेली खुर्ची आठवली. "मी तिथे राहत नाही. म्हणजे, ते इथे कधी आलेच नव्हते."

"तोन्यो तरी या स्टेडियमवर मेला होता का?" एलोय म्हणाला. त्याने बूट उचलले. "तू तुझं खरं ते लिही. मला कर्ज नको तुझं." आणि मोज्यांनीच पायऱ्या उतरून गेला.

रविवारचा सामना दुपारचा होता. संहिता छपराखालच्या काचेच्या खोलीत बसली, समोर मैदान आणि मांडीवर ठिपके. पहिल्या अर्ध्यात फट तशीच होती. तेविसाव्या मिनिटाला चेंडू मधून आला, एलोय उभा राहिला आणि गोल झाला. शेजारी योसने तोंडाने "च्" केलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. अहवाल आता कुणी न लिहिताच लिहिल्यासारखा होता.

सदुसष्टाव्या मिनिटाला चेंडू बाहेर गेला. प्रतिस्पर्धी खेळाडू बदलणार होते, खेळ थांबला होता. एलोय डावीकडे वळला. तिथे गवत होतं, दुसरं काही नव्हतं. तो त्या गवताशी काहीतरी बोलला, चांगला दहा-पंधरा सेकंद बोलला. मग त्याने उजवा हात कमरेपाशी पुढे केला, बाहेर जाणाऱ्या साथीदाराच्या हातावर टाळी देतात तसा, आणि टाळी दिली. नजर बाकड्याच्या दिशेने हळूहळू सरकत गेली. चाळीस पावलं चालून जाणाऱ्या माणसाकडे बघतात तशी. वाउट त्याच्याकडे बघत राहिला.

संहिताच्या पडद्यावर त्याच वेळी बाकड्याजवळच्या रेषेवर एक ठिपका उमटला. नंबर नसलेला. दोन सेकंद रेषेवर थांबला आणि विझला. ठिपके काढणारा तो प्रोग्रॅम तसा बावळटच होता. पक्षी, सावली, वाऱ्याने उडालेली पिशवी, कशालाही तो माणूस समजे. असले ठिपके पुसून टाकणं हे तिचं कामच होतं. हा तिने पुसला नाही.

मग एलोय चार पावलं डावीकडे सरला आणि उभा राहिला.

त्यानंतरच्या तेवीस मिनिटांत त्या बाजूने मुंगीदेखील गेली नाही. एलोय आडवा पडला, उठला, डोक्याने चेंडू बाहेर फेकला, वाउटला ओरडून ओरडून जागेवर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शेजारच्या गड्याकडे मान वळवून बघून खेळत होता. एक-एक बरोबरी झाली. योस उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या प्रचंड रिकाम्या जागेत एकट्या माणसाच्या टाळ्या फार विचित्र वाजतात. सामना संपल्यावर सगळे आत गेले आणि एलोय मैदानाच्या मधोमध बसला, गुडघ्यात डोकं घालून. त्याला तिथून उठवायला कुणी गेलं नाही.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "किती वाजता गेला तो?"

"सदुसष्टावं मिनिट," तिने लिहिलं. "तीन वाजून त्रेपन्न."

"थँक्यू. गेल्या वर्षी मला कुणी वेळ सांगितली नव्हती."

सोमवारी बाबांचा तेरावा होता. सकाळी साडेसहाला आईचा कॉल आला. मागे भटजींचा आवाज आणि वृंदामावशींची लगबग ऐकू येत होती. आईने शेवटची टोपली उचलली. पीठ कोरंच होतं.

"आज दिवा काढायचा म्हणतात," आई म्हणाली. मग फोन तोंडाजवळ आणून, मावशींना ऐकू जाऊ नये अशा बेताने, तिने विचारलं, "संहिता, ते तुझ्याकडे तर आले नाहीत ना गं?"

"माझ्याकडे?"

"त्यांना तुझ्याकडेच यायचं होतं. मैदान बघायचंय, मैदान बघायचंय, सारखं चाललं होतं. शेवटच्या फोनवरही मला म्हणाले, तिकिटाचं बघ. मी उगीच इथे पीठ पसरून बसलेय तेरा दिवस. तू बघितलंस का तुझ्या घरात?"

"नाही, आई," संहिता म्हणाली. "मी बघितलंच नाही."

फोन ठेवल्यावर ती आधी खूप रडली. मग तिने अहवाल पुरा केला. चार नंबर: एक वर्ष ठेवावा, पाय शाबूत आहेत, डावीकडची फट सदुसष्टाव्या मिनिटापासून बंद झालेली आहे. फट कशाची होती ते लिहिलं नाही. योसच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता. तिने अहवाल पाठवून दिला. म्हणजे एलोयचं वर्ष नक्की झालं. त्याच्या डाव्या हाताला आता फक्त वाउट असणार होता.

मग ती उठली आणि दुसऱ्या खुर्चीवरचे कोट, केबली, कपडे, सगळं पलंगावर नेऊन टाकलं. खुर्ची ओल्या फडक्याने पुसली. डब्यातलं गव्हाचं पीठ चाळणीतून खुर्चीपुढच्या जमिनीवर पसरलं, आईसारखं हलक्या हाताने; ते तिला साधलं नाही, जरा जाडच पडलं. खुर्ची टेबलापासून थोडी बाहेर ओढली, वयस्कर माणसाला बसता येईल इतकी.

"बाबा, तुमचं बरोबर होतं," ती मोठ्याने म्हणाली. "साखळीच तुटली होती."

तिने कालचा सामना उघडला, सदुसष्टाव्या मिनिटावर आणला आणि शेजारच्या खुर्चीवरून नीट दिसेल असा लॅपटॉप थोडा वळवून ठेवला.